‘लॉयल्टी’ बोटीचा धडा : शेठ वालचंद हिराचंद यांची उद्योगसाधना

परंदवडी-तळेगाव परिसरातून आगगाडीने मुंबईस जाणारा प्रवासी लोणावळा सोडताच बोरघाटातील बोगद्यांत शिरतो. या घाटातील बोगद्यांच्या कामात ज्यांच्या कंपनीचा मोठा वाटा होता, ते शेठ वालचंद हिराचंद दोशी हे जैन समाजाचे भूषण होत. त्यांच्या यशाच्या कथा सर्वत्र सांगितल्या जातात. त्यांच्या अपयशाची कथा मात्र क्वचितच सांगितली जाते. वास्तविक तीच अधिक बोधप्रद आहे.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे झाला. कापूस व सावकारी हा घरचा व्यवसाय होता. त्यात त्यांचे मन रमेना. म्हणून रेल्वेतील माजी कारकून लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्याशी भागीदारी करून ते रेल्वेच्या कंत्राटांत शिरले. एकाजवळ कामाची माहिती, दुसऱ्याजवळ भांडवल उभारण्याची ताकद. ही जोडी जमली आणि ‘फाटक-वालचंद’ हे नाव झाले.

पहिले महायुद्ध संपल्यावर त्यांचे लक्ष समुद्राकडे वळले. १९१९ साली ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांची ‘लॉयल्टी’ ही बोट त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी विकत घेतली. नरोत्तम मोरारजी यांच्यासारख्या मातब्बरांच्या साहाय्याने सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी राहिली. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनकडे निघाली. हाच दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

तथापि, व्यापाराच्या हिशेबात ही बोट तोट्याची ठरली. ती १८९० च्या सुमारास बांधलेली, मूळची कॅनडाच्या कंपनीची प्रवासी बोट होती. एकच जुनी बोट घेऊन, बलाढ्य इंग्रज कंपन्यांची मक्तेदारी असलेल्या मार्गावर टिकाव धरणे अशक्यप्राय होते. अखेर १९२३ साली मुंबईत ती मोडीत निघाली. यापूर्वी जमशेदजी टाटांची बोट कंपनी आणि चिदंबरम पिल्ले यांची स्वदेशी बोट कंपनी या दोन्ही दरयुद्धापुढे बंद पडल्या होत्या. सिंदियाचीही तीच गत होईल, असे अनेकांस वाटले असल्यास नवल नाही.

येथेच वालचंदांचे वेगळेपण दिसते. बोट गेली म्हणून त्यांनी ध्येय सोडले नाही. आणि ध्येय सोडायचे नाही म्हणून जुनाच मार्ग धरूनही ते बसले नाहीत. लंडनच्या प्रवासी वाहतुकीऐवजी कंपनीने किनाऱ्यावरील मालवाहतुकीवर भर दिला. १९२३ मध्ये इंग्रज कंपन्यांशी दहा वर्षांचा करार झाला. बोटींच्या क्षमतेवर मर्यादा घालणारा तो करार जाचक होता, परंतु त्यामुळे दरयुद्धातून श्वास घेण्यास उसंत मिळाली. कंपनी जगली. १९२९ साली नरोत्तम मोरारजींच्या निधनानंतर वालचंद तिचे अध्यक्ष झाले.

पुढेही अडथळे आलेच. १९४० साली बंगळूर येथे त्यांनी हिंदुस्थान एअरक्राफ्ट हा विमानांचा कारखाना म्हैसूर संस्थानाच्या भागीदारीत काढला. १९४२ मध्ये युद्धाच्या गरजेपोटी सरकारने तो ताब्यात घेतला. विशाखापट्टणम येथील गोदीची पायाभरणी २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाली. तेथे बांधलेली ‘जल-उषा’ १९४८ साली पंडित नेहरूंनी जलार्पण केली. ‘लॉयल्टी’ मोडीत निघाल्यानंतर पंचवीस वर्षांनी भारतीय गोदीतील भारतीय बोट पाण्यात उतरली. ८ एप्रिल १९५३ रोजी वालचंदांचे निधन झाले.

आज मावळातही अनेक तरुण स्वतःचा उद्योग काढू पाहतात. पहिल्या प्रयत्नात तोटा आला की घरची मंडळी धास्तावतात, आप्तेष्ट नावे ठेवतात. अशा वेळी तोटा कोठे झाला, हे शांतपणे तपासावे. साधन चुकले, मार्ग चुकला की ध्येयच चुकले, याचा विवेक करावा. चुकलेले साधन टाकून द्यावे, चुकलेला मार्ग बदलावा. ध्येय योग्य असेल तर ते मात्र सोडू नये. वालचंदांच्या चरित्राचे सार हेच होय.