पैसा फंडाची काच

आपल्या तळेगाव दाभाड्याचा काच कारखाना १९०८ साली सुरू झाला, तो लोकांच्या एकेका पैशावर. माणशी वर्षाला एक पैसा द्यायचा आणि त्यातून देशी उद्योग उभे करायचे, ही अंताजी दामोदर काळे यांची कल्पना. लोकमान्य टिळकांनी ती उचलून धरली. त्या काळी बांगड्यांपासून कंदिलाच्या काचेपर्यंत कितीतरी माल परदेशातून येत असे.

पैसा जमला, पण काच कशी होते हे जाणणारं माणूसही हवं होतं. जपान आणि अमेरिकेत शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी इथं ते काम हाती घेतलं.

काचेला मुख्यतः वाळू, सोडा आणि चुनखडी लागते. वाळूत सिलिकॉन आणि ऑक्सिजनचे अणू इलेक्ट्रॉन वाटून घेऊन एकमेकांना घट्ट धरतात. म्हणून निव्वळ वाळू वितळवायला सुमारे १७०० अंश सेल्सिअस उष्णता लागते. सोड्यात सोडियम असतो. त्याच्या अणूने एक इलेक्ट्रॉन देऊन टाकलेला असतो, म्हणून त्यावर धन भार येतो. अशा भार आलेल्या अणूला आयन म्हणतात. भट्टीत हे आयन वाळूच्या जाळ्यात शिरतात, काही गाठी सुटतात आणि वाळू कमी आचेवर वितळते.

पण नुसत्या वाळू-सोड्याची काच पाण्यात विरघळते. अशा काचेच्या पेल्यात पाणी कसं प्यायचं? इथं चुनखडी कामाला येते. तिच्यातल्या कॅल्शियमने दोन इलेक्ट्रॉन दिलेले असतात. त्याच्या आयनावर दुप्पट भार, म्हणून तो भोवतालच्या ऑक्सिजनला जास्त जोराने धरतो. मग काच पाण्याला टिकते. भार विरुद्ध असले की ओढ निर्माण होते, आणि त्या ओढीतून आयनांची संयुगं बांधली जातात. आपल्या जेवणातलं मीठही असंच, सोडियम आणि क्लोरीनच्या आयनांचं.

या कारखान्यात नुसता माल झाला नाही, काचेचं काम शिकणारी माणसंही इथं तयार झाली.

गटातून धंदा काढताना पेटीत किती शिल्लक आहे, हे आपण मोजतोच. त्याच बैठकीत हेही ठरवू या, की ते काम आपल्यापैकी कोणाला येतं, आणि येत नसेल तर शिकायला कोण जाणार.