मेलेल्या सापापेक्षा जिवंत साप मोलाचा

आमच्या कोकणातल्या घरी सर्पदंशाचा विषय निघाला की डॉक्टरांचे आभार मानले जातात. काकांना फुरसं चावलं, तेव्हा ते तालुक्याच्या दवाखान्यातल्या इंजेक्शनमुळे वाचले. ते इंजेक्शन येतं कुठून, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. नोकरीसाठी चेन्नईला आलो आणि एका रविवारी महाबलीपुरमच्या वाटेवर, मगर उद्यानाच्या आवारात, इरुळा सापपकड्यांची सहकारी संस्था पाहिली. तिथे उत्तर मिळालं.

इरुळा ही तमिळनाडूतली आदिवासी जमात. मातीवरचा पुसट माग बघून बिळात साप आहे की नुसता उंदीर, हे त्यांना कळतं. पूर्वी या कसबाचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे कातडीचे व्यापारी. पट्टे आणि पर्ससाठी लाखो साप मारले गेले. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९७६ साली सापाच्या कातडीची निर्यात बंद झाली. साप वाचायलाच हवे होते. पण इरुळांच्या पिढ्यानपिढ्यांच्या ज्ञानावर मात्र गुन्ह्याचा शिक्का बसला.

१९७८ साली सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने इरुळांची संस्था उभी राहिली. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं परवान्याने पकडायचे, सुमारे तीन आठवडे मडक्यात ठेवायचे, चारदा विष काढायचं आणि पुन्हा रानात सोडायचं. सोडण्याआधी पोटाच्या खवल्यावर खूण करतात. तोच साप लगेच परत सापडला, तर ओळखू येतो. हे विष लस बनवणाऱ्या कंपन्यांकडे जातं. ते थोडं थोडं घोड्यांना टोचतात आणि त्यांच्या रक्तात तयार होणाऱ्या प्रतिपिंडांपासून लस बनते. देशातल्या लशीसाठी लागणारं बहुतांश विष याच संस्थेतून गेलं आहे.

नुसत्या बंदीने हे साधलं नसतं. ज्यांना साप कळतो, त्यांचं पोट जिवंत सापावर चालू लागलं, म्हणून साधलं. तरी गोष्ट इथे संपत नाही. किती साप पकडायचे, ते सरकारी परवाना ठरवतो. परवाना अडला की चूलही अडते. शिवाय एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशानुसार बदलतं. त्यामुळे एकाच भागातल्या विषाची लस सगळीकडे सारखी लागू पडत नाही. म्हणजे असे जाणकार ठिकठिकाणी हवेत.

२०२३ साली वडिवेल गोपाल आणि मासी सदैयन या दोन इरुळांना पद्मश्री मिळाली. मी काकांना फोन करून हे सगळं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे त्या दिवशी आपण ते फुरसं उगाच ठेचलं रे."