कन्नडचा किटेल

आम्हा मराठी माणसांना मराठी-इंग्रजी कोशकार मोल्सवर्थ ठाऊक असतो. बंगळूरला राहायला आले आणि मला फर्डिनांड किटेल कळला. मेयो हॉलजवळ त्याचा पुतळा आहे. बासेल मिशनचा हा जर्मन पाद्री १८५३मध्ये धर्मप्रसारासाठी भारतात आला आणि कन्नडातच रमला. वरिष्ठांना त्याची ही विद्याव्यासंगी वाट फारशी रुचली नाही. १८७५मध्ये नागवर्माचा ‘छंदोंबुधि’ हा कन्नड छंदशास्त्राचा जुना ग्रंथ संपादताना त्याने प्रस्तावनेत जैन, लिंगायत आणि वैष्णव कवींचा इतिहास मांडला. १८९४मध्ये मंगळूरहून आलेल्या त्याच्या कन्नड-इंग्रजी कोशात सुमारे ७०,००० शब्द आहेत, शिवाय म्हणीही. दोनच वर्षांनी ट्युबिंगेन विद्यापीठाने त्याला मानद डॉक्टरेट दिली. लोक कोशाला नमस्कार करतात. मला मात्र ती प्रस्तावना अधिक मोलाची वाटते. धर्म शिकवायला आलेल्या माणसाने तिथे इतरांचे पंथ मन लावून अभ्यासले.