जुने मँडोलिन आणि त्याची नवी प्रतिकृती

१९८५ सालच्या नोव्हेंबर महिन्यात अमेरिकेतील नॅशव्हिल शहरानजीक बिल मन्रो या वयोवृद्ध वादकाच्या घरात कोणी अज्ञात इसम शिरला आणि शेगडीतील निखारे सारण्याच्या लोखंडी सळईने त्याच्या दोन मँडोलिनांचा चुराडा करून निघून गेला. त्यांपैकी एकावर ९ जुलै १९२३ ही तारीख व लॉइड लोअर याची सही होती. शंभराहून अधिक ठिकऱ्या जमा करण्यात आल्या. त्या लाकडाच्या कपच्यांसाठी एवढा शोक कशाकरिता, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

मँडोलिन हे मूळचे इटलीचे वाद्य. नेपल्सच्या व्हिनाचिया घराण्यातील कारागिरांनी अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत त्याला घडविले. त्याची पाठ भोपळ्याप्रमाणे गोल, अनेक पातळ पट्ट्या जोडून केलेली असे. आपल्याकडे सीतामऊचे सज्जाद हुसेन यांनी मँडोलिनवर रागसंगीत आळवून दाखविले, ते पुष्कळांच्या स्मरणात असेल. अमेरिकेत मात्र या वाद्याने निराळेच रूप घेतले. ऑर्व्हिल गिब्सन या कारागिराने व्हायोलिनप्रमाणे लाकूड कोरून वरची व खालची फळी घडविण्याची पद्धत काढली आणि १८९८ साली तिचे पेटंट मिळविले. त्याच्या नावाची कंपनी १९०२ साली मिशिगन राज्यातील कॅलमझू येथे निघाली.

लोअर हा स्वतः वादक होता. १९१९ ते १९२४ या काळात तो या कंपनीत होता. त्याच्या देखरेखीखाली १९२२ साली ‘एफ-५’ हे मँडोलिन तयार झाले. लंबगोल छिद्राऐवजी व्हायोलिनसारखी दोन छिद्रे, वरच्या फळीखाली दोन आडण्या, लांब मान आणि त्यामुळे फळीच्या मध्याकडे सरकलेली घोडी ही त्याची वैशिष्ट्ये. परंतु खरे महत्त्व आहे ते निराळ्याच गोष्टीला. फळ्या तासताना त्यांवर टकटक करून त्यांचा नाद पाहावा आणि तो जुळेपर्यंत लाकूड काढावे, असे हे काम होते. जी वाद्ये पसंत पडत त्यांच्या आतील चिठ्ठीवर लोअर सही करी.

दुर्दैव असे की, तोपर्यंत मँडोलिनवादनाची लाट ओसरली होती आणि जाझबरोबर बँजोचे दिवस आले होते. १९२४ च्या अखेरीस लोअरने कंपनी सोडली. त्याच्या सहीची एफ-५ मँडोलिने आज काही शेकड्यांहून अधिक सापडत नाहीत. त्यांतील एक मन्रोला फ्लॉरिडातील एका न्हाव्याच्या दुकानात दीडशे डॉलरांना मिळाले. त्याच्या ब्लूग्रास संगीतात ठेक्याचे काम मँडोलिन करते. तारा छेडून लगेच दाबावयाच्या आणि तो कोरडा, खणखणीत आघात सर्व वाद्यांतून वर ऐकू आला पाहिजे. लोअरचे वाद्य मैफलीतील अभिजात संगीतासाठी घडविलेले. ते नावारूपाला आले खेड्यापाड्यांतील गायकवादकांच्या हाती! पुढे या वाद्यांची किंमत लाख डॉलरांच्या पलीकडे गेली.

साहजिकच नकला निघाल्या. १९७० च्या सुमारास खुद्द कंपनीची नवी मँडोलिने जुन्यांच्या पासंगालाही पुरत नव्हती. तेव्हा न्यूयॉर्कचे जॉन माँटेलिओन, ऑस्ट्रेलियाचे स्टीव्ह गिलक्रिस्ट यांसारख्या स्वतंत्र कारागिरांनी लोअरची वाद्ये मोजून नवी घडविण्यास आरंभ केला. कंपनीनेही १९७८ साली ‘एफ-५ एल’ हे जुन्या नमुन्यावरचे मँडोलिन काढले.

आता नक्कल अस्सलाशी कितपत जुळते? येथे श्रोत्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. स्प्रूसच्या एकाच खोडातून कापलेल्या दोन फळ्याही वजनाने व ताठपणाने सारख्या नसतात. म्हणून जुन्या फळीची जाडी केसभरही न चुकता उतरविली, तरी नाद तोच निघेल असे नाही. किंबहुना मापे तंतोतंत उतरविणारा कारागीर लोअरपासून दूरच जातो. कारण लोअरच्या पद्धतीत जाडी ही हातातील फळीच ठरवीत असे. ज्यांनी पद्धत उचलली त्यांची वाद्ये अधिक सरस ठरली, ती यामुळेच.

दुसरी अडचण काळाची आहे. शंभर वर्षांत लाकूड वाळून हलके होते, व्हार्निश कडक होते. पडद्या व घोड्याही बदललेल्या असतात. १९२३ साली ते कोरे वाद्य कसे वाजत होते हे ऐकलेला माणूस आज नाही. मग नक्कल करावयाची कोणाची, कोऱ्याची की मुरलेल्याची? काही कारखाने नव्या मँडोलिनवर मुद्दाम ओरखडे काढून, रंग झिजवून ते जुने भासवितात. नव्या हंड्याला पोचे पाडून तो आजीच्या वेळचा म्हणून विकावा, तशातलाच हा प्रकार.

व्हायोलिनच्या बाबतीत अशी परीक्षा झालेली आहे. क्लॉडिया फ्रिट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली एकवीस वादकांना गडद चष्मे लावून तीन नवी व तीन जुनी वाद्ये वाजविण्यास दिली. जुन्यांत दोन स्ट्राडिव्हारीची होती. सर्वांत अधिक पसंती मिळाली ती एका नव्या व्हायोलिनला, सर्वांत कमी एका स्ट्राडिव्हारीला. तरीही वादकाचे मन जुन्याकडे ओढ घेते ते घेतेच. टेनेसीच्या लिन ड्यूडनबॉस्टेल यांच्या नव्या मँडोलिनवर नाव कमावलेल्या क्रिस थीली यांनीही पुढे १९२४ चे लोअर विकत घेतलेच.

मन्रोच्या मँडोलिनाच्या ठिकऱ्या चार्ली डेरिंग्टन या गिब्सनच्या कारागिराकडे गेल्या. त्याने एकेक कपची तंतूला तंतू जुळवून चिकटविली. १९८६ साली वाद्य मालकाच्या हाती परत आले आणि त्यावर तो पुन्हा मैफली करू लागला. मूळच्या फळ्यांची आतली बाजू इतक्या जवळून पाहिलेल्या डेरिंग्टनने पुढे कंपनीच्या नव्या प्रतिकृतींचे काम हाती घेतले. २००६ साली तो वारला. मन्रो त्याआधीच, १९९६ साली गेला होता. सांधलेले ते मँडोलिन आता नॅशव्हिलच्या संगीत-संग्रहालयात आहे.