मुंबई आंदण दिली, म्हणजे नेमकं काय झालं?

पोर्तुगालने इंग्लंडच्या राजाला मुंबई आंदण दिली, हे आपण शाळेत शिकलो. पण मुलीच्या लग्नात कुणी अख्खं बेट का देईल, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. ते शोधायला गेलं की त्या काळच्या युरोपातल्या राजघराण्यांची सोयरीक म्हणजे काय प्रकरण होतं, ते कळतं.

१५८० पासून साठ वर्षं पोर्तुगालवर स्पेनच्या राजांची सत्ता होती. १६४० मध्ये ब्रागांझाच्या ड्यूकने बंड केलं आणि तो राजा झाला. स्पेनने हे मान्य केलं नाही, युद्ध चालूच राहिलं. पोर्तुगालला आधार होता फ्रान्सचा. पण १६५९ मध्ये फ्रान्स आणि स्पेनचा तह झाला. पोर्तुगालला मदत करणार नाही, असं फ्रान्सने कबूल केलं. तह पक्का करायला पुढच्याच वर्षी चौदाव्या लुईचं स्पेनची राजकन्या मारिया तेरेसा हिच्याशी लग्न लागलं.

त्या लग्नाने पोर्तुगाल एकटा पडला, आणि म्हणून दुसऱ्या लग्नाची घाई झाली. इंग्लंडचा दुसरा चार्ल्स १६६० मध्ये गादीवर परतला होता, तिजोरीत खडखडाट. १६६१ मध्ये करार झाला. पोर्तुगालने राजकन्या कॅथरिन, वीस लाख क्रुझादो, आफ्रिकेतलं टँजिअर आणि आपली मुंबई द्यायची. बदल्यात इंग्लंडने पोर्तुगालच्या रक्षणाला सैन्य पाठवायचं. सरळ सरळ संरक्षणाची किंमत होती ही.

ती वसूल होतानाही भानगडी झाल्याच. नवरीला न्यायला आलेल्या इंग्रज आरमाराला रोख रक्कम मिळेना, बराचसा हिशोब साखर आणि इतर मालावर भागवला गेला. इकडे गोव्याच्या व्हाइसरॉयने मुंबईचा ताबाच अडवून धरला. अब्राहम शिपमन आणि त्याची फौज कारवारजवळच्या अंजदीव बेटावर थांबून राहिली. शिपमन तिथेच मेला, सैनिकही आजाराने गेले. शेवटी फेब्रुवारी १६६५ मध्ये ताबा मिळाला, तोही फक्त मुंबईचा. साष्टी-वसई पोर्तुगीजांकडेच राहिली. आणि १६६८ मध्ये चार्ल्सने ही मुंबई वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली!

आता कॅथरिनचं बघा. २३ व्या वर्षी ती परक्या देशात आली. कॅथलिक म्हणून लोकांचा संशय होताच. त्यात नवऱ्याने आपल्या प्रेयसीला, बार्बरा व्हिलिअर्सला, तिच्याच सेवेतली मानकरी म्हणून नेमायचं ठरवलं. कॅथरिनने यादीतलं ते नाव खोडलं. मग चार्ल्सने तिची बहुतेक पोर्तुगीज माणसं परत पाठवली. शेवटी तिलाच नमतं घ्यावं लागलं. मूल झालं नाही. १६७८ मध्ये तर राजाला विष घालायचा कट केल्याचा खोटा आरोप तिच्यावर आला. एवढं मात्र खरं की, घटस्फोट घ्या म्हणणाऱ्यांचं चार्ल्सने ऐकलं नाही.

वारस नाही म्हणून गादी चार्ल्सच्या कॅथलिक भावाकडे, जेम्सकडे गेली. १६८८ मध्ये त्याला हटवून सत्ता घेतली ती त्याच्याच जावयाने, विल्यमने. तिकडे मारिया तेरेसाचा ठरलेला पाच लाख सुवर्ण एस्कुदोंचा हुंडा स्पेनने कधी दिलाच नाही. मग तिने वारसाहक्क सोडल्याचं कलम लागू होत नाही, असं म्हणत लुईने १६६७ मध्ये स्पेनच्या ताब्यातल्या नेदरलँड्सवर सैन्य घातलं. शांततेसाठी झालेलं लग्न सात वर्षांत युद्धाचं निमित्त झालं.

कॅथरिन १६९२ मध्ये माहेरी निघाली. भाऊ आजारी पडल्यावर तिने पोर्तुगालचा कारभारही पाहिला आणि १६०५ नव्हे, १७०५ मध्ये, म्हणजे मुंबईचा ताबा गेल्यावर सुमारे चाळीस वर्षांनी, ती वारली. राज्य चालवायची कुवत असलेल्या या बाईची आठवण आपल्याकडे उरली ती फक्त हुंड्यापुरती.

म्हणूनच ‘आंदण’ हा शब्द मला खटकतो. त्यात माया आहे, कौतुक आहे. या व्यवहारात दोन दरबारांनी आपापली गरज भागवली. मुंबईच्या कोळ्या-भंडाऱ्यांना तुमचा राजा बदलू का, असं कुणी विचारलं नाही. पुढच्या वेळी कुणी ‘मुंबई आंदण दिली’ म्हणालं, तर कुणी, कशाच्या बदल्यात, हेही सांगा.