कंबरेपासून टाचेपर्यंत : सायटिकाच्या नसेचा इतिहास

कंबरेतून निघालेली कळ कुल्ल्यातून मांडीच्या मागे, तिथून पोटरीत आणि थेट पावलापर्यंत उतरते. खोकले-शिंकले तरी चमक मारते. या दुखण्याला आपल्याकडे 'नस धरली', 'मणक्यात गॅप पडली', 'गादी सरकली' अशी अनेक नावे आहेत. दुखणे सुरू झाले की सल्लेही सुरू होतात. एक म्हणतो, 'महिनाभर फळीवर पडून राहा.' दुसरा म्हणतो, 'वाकून अंगठे धर, नस मोकळी होईल.' तिसरा चांगले रगडून देणाऱ्याचा पत्ता देतो.

हे सल्ले आजचे नाहीत. विश्रांती आणि ताण हे दोन्ही उपाय तर वैद्यकातही एके काळी मानाचे होते. त्यांची परीक्षा कशी झाली, हे शिक्षकांनी तरी माहीत करून घ्यायला हवे. तासन् तास उभे राहणाऱ्या शिक्षकांपैकी अनेकांना कंबरेचे दुखणे असते. शिवाय २०१५ पासून दर २१ जूनला अनेक शाळांतून सामुदायिक योगासने होतात आणि ती करून घेण्याचे काम बहुधा शिक्षकांकडेच येते.

नाव जुने, नस नवी

चरकसंहितेत 'गृध्रसी' नावाचा विकार आहे. कुल्ल्यापासून सुरू होऊन कंबर, पाठ, मांडी, गुडघा, पोटरी आणि पाऊल असा वेदनेचा मार्ग तिथे क्रमाने दिला आहे. चाल गिधाडासारखी होते म्हणून हे नाव पडले, असे सांगतात. सुश्रुताने या विकारात पाय उचलणे अडते असे नोंदले आहे. ही नोंद लक्षात ठेवू या, कारण पुढे तिचा संबंध येणार आहे. ग्रीक वैद्यांनाही हे दुखणे ठाऊक होते. 'सायटिका' हा शब्द खुब्यासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून आला आहे.

मात्र दुखते ते नेमके काय, सांधा, स्नायू की आणखी काही, याचा उलगडा झाला नव्हता. १७६४ साली नेपल्सच्या दोमेनिको कोतुन्यो या वैद्याने या दुखण्यावर लॅटिनमध्ये एक पुस्तक लिहिले. खुब्याच्या सांध्याचे दुखणे वेगळे आणि नसेचे दुखणे वेगळे, हे त्याने त्यात स्पष्टपणे मांडले. नसेच्या आवरणात जादा द्रव साठून ती दुखते, हा त्याचा तर्क टिकला नाही. पण दुखणे नसेचे आहे, हे त्याने बरोबर ओळखले होते.

ही नस शरीरातली सर्वांत जाड नस आहे. कंबरेचे शेवटचे दोन मणके आणि त्याखालचे माकडहाड नव्हे, तर त्याच्या वरचे त्रिकास्थी, या भागातून तिची मुळे निघतात. ती एकत्र येऊन कुल्ल्यातून मांडीच्या मागे उतरतात आणि गुडघ्याच्या वर तिच्या दोन शाखा होतात.

एका तपासणीची गोष्ट

रुग्णाला उताणे झोपवायचे, गुडघा सरळ ठेवून एक पाय हळूहळू वर उचलायचा. साधारण ३० ते ७० अंशांच्या दरम्यान पायात खालपर्यंत कळ गेली, तर नसेच्या मुळावर दाब असण्याची शक्यता वाढते. डॉक्टर ही तपासणी आजही करतात. ती 'लासेगची खूण' म्हणून ओळखली जाते.

गंमत अशी की फ्रान्सच्या शार्ल लासेग यांनी १८६४ साली सायटिकावर लेख लिहिला, त्यात ही तपासणी नव्हती. ती त्यांचा विद्यार्थी फोर्स्ट याने १८८१ च्या प्रबंधात दिली आणि श्रेय गुरूंना दिले. पाय उचलल्यावर मांडीचे स्नायू नसेला दाबतात, असे त्याला वाटले. त्याच्या एक वर्ष आधी, १८८० मध्ये, सर्बियाचे डॉक्टर आणि कथाकार लाझा लाझारेविच यांनी हीच खूण प्रसिद्ध केली होती. दुखते ते नस ताणली गेल्यामुळे, हे त्यांचे स्पष्टीकरण अधिक अचूक होते. पण लेख सर्बियन भाषेत होता, म्हणून तो फार थोड्यांनी वाचला.

सुश्रुताची 'पाय उचलणे अडते' ही नोंद आता पुन्हा आठवू या. आणि दुसरी गोष्टही पाहू. पाय सरळ ठेवून कंबरेत वाकणे, म्हणजे पश्चिमोत्तानासन किंवा उभ्याने अंगठे धरणे, यात हीच हालचाल उलट बाजूने होते. तपासणीत पाय धडाकडे येतो, आसनात धड पायांकडे जाते. दोन्हींत नस ताणली जाते. जी हालचाल केल्यावर दुखणे उमटते म्हणून डॉक्टर निदान करतात, तीच आपण दुखणे ऐन जोरात असताना उपाय म्हणून सांगत असतो.

नस ओढूनही पाहिली

ताणल्याने नस मोकळी होईल, ही कल्पना फक्त घरगुती नव्हती. १८७० च्या दशकात युरोपातले शल्यवैद्य मांडी उघडून ही नस बोटांनी प्रत्यक्ष ओढत असत. पुढे चीर न देता, रुग्णाला भूल देऊन पाय जोराने वर उचलण्याचीही पद्धत निघाली. काही वर्षे या उपचाराचा बोलबाला झाला आणि मग तो मागे पडला. नसेवर दाब कोठे येतो हेच माहीत नव्हते, तर ओढून तो कसा जाणार?

ते कोडे १९३४ साली सुटले. अमेरिकेतल्या बोस्टनचे मिक्स्टर आणि बार यांनी १९ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोन मणक्यांमध्ये कूर्चेची गादी असते. तिचे बाहेरचे कडे फाटले, तर आतला मऊ भाग बाहेर येऊन नसेच्या मुळाला टेकतो, हे त्यांनी दाखवले. म्हणजे गादी 'सरकत' नाही, ती फुगते किंवा फुटते.

आता सगळ्या दुखण्याचा दोष गादीवर येऊ लागला. पण १९९४ साली अमेरिकेत पाठदुखी नसलेल्या ९८ माणसांच्या कंबरेचे एमआरआय काढले, तेव्हा ५२ टक्के लोकांत निदान एक तरी गादी फुगलेली आढळली. सर्व गाद्या ठीक असलेले फक्त ३६ टक्के होते. तेव्हा अहवालातली 'गॅप' पाहून घाबरण्याआधी ती रुग्णाच्या लक्षणांशी जुळते का, हे पाहावे लागते.

पडून राहावे का?

१९९९ साली नेदरलँड्समध्ये सायटिकाच्या १८३ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला दोन आठवडे अंथरुणात ठेवले, दुसऱ्याला जमेल तसे हिंडू-फिरू दिले. दोन आठवड्यांनी सुधारलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ७० आणि ६५ टक्के होते. हा फरक नगण्य ठरला. बारा आठवड्यांनी दोन्ही गटांत ८७ टक्के रुग्ण सुधारले होते. म्हणजे अंथरुण धरून विशेष काही मिळत नाही आणि बहुतेकांचे दुखणे काळाबरोबर ओसरते. बाहेर आलेला गादीचा तुकडा पुष्कळदा शरीरच हळूहळू विरघळवून टाकते.

इथे एक सावधगिरी हवी. आपल्याकडे कंबरेत उसण भरली की पायाळू माणसाकडून पाठीला पाय लावून घेतात, आणि दोन-चार दिवसांत बरे वाटते. पण उसण बहुधा तेवढ्यात आपोआपच जाते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते. म्हणूनच उपाय न केलेल्यांचा गटही तुलनेला लागतो. वर्गात प्रयोगाचे तत्त्व शिकवताना हे उदाहरण जरूर वापरावे.

आसने आणि मालीश

योगाभ्यास मोजून-मापून तपासावा, हा विचार महाराष्ट्रात जुना आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापले आणि क्षकिरणे व दाबमापक वापरून यौगिक क्रियांचे प्रयोग केले. पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांनी दोर, पट्टे, विटा, खुर्च्या यांचा आधार देऊन आसन शरीराच्या मगदुराप्रमाणे बसवण्याची रीत रूढ केली. आसन स्थिर आणि सुखाचे असावे, हे पतंजलीचे सांगणेही याच दिशेचे आहे.

२०१७ साली झालेल्या एका आढाव्यात जुनाट कंबरदुखीवरील योगाच्या १२ चाचण्या आणि १०८० माणसे होती. व्यायाम न करणाऱ्यांपेक्षा योग करणाऱ्यांना थोडाबहुत फायदा झाला, आणि काहींचे दुखणे वाढलेही. हा निष्कर्ष कंबरदुखीचा आहे, पायात उतरणाऱ्या कळेला तो जसाच्या तसा लागू होत नाही. मालिशीने आखडलेले स्नायू सैल होतात, काही काळ बरे वाटते, हालचाल करण्याचा धीर येतो. पण बाहेरून रगडून मणक्यातली गादी जागेवर बसत नाही. कोपराने जोर देणे, पाठीवर उभे राहणे, झटका देऊन हाड वाजवणे हे प्रकार कळ पायात उतरत असताना टाळावेत.

शाळेत लक्षात ठेवण्यासारखे

पायात कळ असेल तर पुढे वाकण्याची आसने सध्या सोडावीत. गुडघे वाकवून उताणे पडणे, सपाट जागी थोडे थोडे चालणे, सहन होईल तेवढ्याच मर्यादेत हालचाल करणे चांगले. नियम सोपा आहे. हालचालीने कळ पावलाकडून कंबरेकडे सरकली तर बहुधा ठीक, पण ती आणखी खाली उतरली तर थांबावे. सामुदायिक कवायतीत कोणालाही अंगठे धरायला लावू नये, मागून पाठ दाबून तर मुळीच वाकवू नये.

लघवी अडली किंवा तिच्यावरचा ताबा गेला, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, पाऊल लुळे पडू लागले किंवा दोन्ही पायांतली ताकद कमी झाली, तर आसन नको, मालीश नको, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. ताप, कारण नसताना घटणारे वजन किंवा पडल्यानंतर सुरू झालेले दुखणे असेल तरीही आधी डॉक्टरांना दाखवावे.

पाठदुखी नसलेल्या मुलांबरोबर एक प्रयोग करता येईल. बाकावर पाठ थोडी गोल करून बसायचे आणि एक गुडघा हळूच सरळ करायचा. मांडीमागे जरा ओढ जाणवली की तिथेच थांबून मान खाली घालायची, मग वर करायची. पाय जागचा हलला नाही, तरी अनेकांना ओढ कमी-जास्त झालेली जाणवेल. मानेपासून मांडीपर्यंत जाणारा एकही स्नायू नाही. मग हा ताण पोचवतो कोण? उत्तर मुलांनाच शोधू द्यावे. मज्जारज्जू आणि त्यातून निघणाऱ्या नसा यांचे चित्र त्यानंतर फळ्यावर काढले, तर ते विसरले जाणार नाही.