तळटीप ७ : कुंपणाची कण्हेर

७. कण्हेर : जवळजवळ वर्षभर फुलणारी सदाहरित झुडपे, हिंदीत कनेर. लेखिकेचे ‘सेक्टर’ म्हणजे भिलाई पोलाद कारखान्याच्या वसाहतीचे विभाग. हा कारखाना १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून उभा राहिला. पहिली झोतभट्टी फेब्रुवारी १९५९ मध्ये सुरू झाली. कण्हेर धूळ, ऊन, पाण्याची ओढ सोसते आणि गुरे तिला तोंड लावत नाहीत, म्हणून ती कुंपणाला लावतात. तांबडी-पांढरी कण्हेर आपल्याकडे जुनीच. मजकुरातली मुले जिच्या बिया घेऊन खेळतात ती पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी. ती मूळची मेक्सिको व मध्य अमेरिकेतली. दोन्हींचे सर्वांग विषारी, आणि विष हृदयाची गती बिघडवते. आजी खेळणाऱ्या मुलांना हात धुवायला लावते ते त्यामुळेच. बिट्टीची बी मुलांच्या तोंडात जाऊ देऊ नये.